पॅलेट खाली येताना

गोडाऊनमधले अपघात उंचावर होतात, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्याकडचे रॅक छताला भिडलेले. सगळ्यात वरच्या कप्प्यातला माल खालून नीट दिसतसुद्धा नाही. एवढ्या उंचावर टन-टन वजनाचं पॅलेट चढवायचं आणि उतरवायचं, म्हणजे जे काही व्हायचं ते तिथूनच होणार, असं धरून सुरुवातीला मी मान वर करूनच फिरायचे. आज माझ्या शिफ्टमधल्या जखमा आठवते, तर त्यातली एकही वरून पडलेल्या मालाने झालेली नाही. घोटा, टाच, पायाची बोटं, हाताची बोटं, एकदा गुडघा. सगळं कमरेच्या खालचं, जमिनीलगतचं.

मी शहापूर तालुक्यातली. बी.कॉम. झाल्यावर भिवंडीत, माणकोलीच्या पुढे एका वेअरहाऊसमध्ये इनवर्डला लागले. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे ही सगळी गावं आता गोदामांचीच गावं आहेत. मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे आणि नाशिक महामार्गाला लागून जागा, म्हणून व्यापाऱ्यांनी इथे माल उतरवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. उलट कराच्या सोयीसाठी राज्याराज्यांत लहान लहान गोदामं ठेवायचं कारण कंपन्यांना उरलं नाही, आणि इथले पत्र्याचे गाळे पाडून उंच रॅकची, डॉकची, मोठाली वेअरहाऊस उभी राहिली. गाळ्यांमध्ये पाठीवरून माल वाहायचे. इथे यंत्रं वाहतात. माझ्यासारख्या शेकडो मुलामुलींना त्यातूनच काम मिळालं, हे मी विसरत नाही.

माझं काम कागदावर सोपं होतं. गाडी डॉकला लागली की चलन घ्यायचं, खोकी मोजायची, फुटलेली-भिजलेली बाजूला काढायची, सिस्टीममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचा आणि प्रत्येक पॅलेटला लेबल लावायचं. पण हे सगळं करायचं कुठे, तर डॉकवर, जिथे चारही बाजूंनी यंत्रं ये-जा करतात तिथे, उभ्याने. आवाजांनीच मी गांगरून गेले होते. रिव्हर्सचा बीप बीप, हॉर्न, डॉकच्या लोखंडी पाटीवरून चाक गेलं की होणारा धडाका, त्यात लोडर पोरांच्या आरोळ्या. थोड्या दिवसांनी ते आवाज ऐकू येईनासे झाले. सवय झाली म्हणून सगळ्यांनी शाबासकी दिली. मला मात्र त्याचीच आता भीती वाटते. आपल्यामागे वाजणारा हॉर्न ऐकू न येणं ही कसली सवय?

पहिल्या दिवशी इंडक्शन झालं होतं. एचआरच्या साहेबांनी एक कागद वाचून दाखवला. आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, तंबाखू-मोबाईल बंद, हेल्मेट घालायचं. यंत्रांबद्दल एकच ओळ होती: अधिकृत चालकाशिवाय कुणीही यंत्र चालवू नये. खाली सही. मी काही यंत्र चालवणार नव्हते, म्हणजे ती ओळ माझ्यासाठी नव्हतीच. माझ्याबरोबर सही करणाऱ्या पिकर मुली, लेबल लावणाऱ्या बायका, मोजणी करणारी पोरं, कुणासाठीच नव्हती. चालवणाऱ्याने कसं चालवावं हे कुठेतरी लिहिलेलं असतं. जो चालवत नाही पण दिवसभर त्या यंत्राच्या हाताच्या अंतरावर उभा असतो, त्याने कुठे उभं राहावं, कुठे वाकू नये, हे मला कुणी सांगितलं नाही. जखमी होणारी माणसं मी पाहिली ती बहुतेक याच दुसऱ्या जातीची.

मला जे कळलं ते फोर्कलिफ्टवाल्या काकांकडून. संगमनेरकडचे, आधी डिझेलच्या मशीनवर, आता बॅटरीच्या. सुरुवातीला त्यांना माझा रागच यायचा, कारण मी स्कॅनर घेऊन सारखी त्यांच्या मशीनमागे जायचे. समोर दोन टोकदार फाळ दिसतात, म्हणून मी समोरून लांब राहायचे आणि मागून निवांत जायचे. एक दिवस त्यांनी मशीन थांबवलं, किल्ली काढली आणि मला म्हणाले, "पोरी, इकडं ये. ही चाकं बघ."

फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागे असतात. मोटारीत पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग निमूटपणे मागून येतो. इथे उलटं. चालकाने डावीकडे वळवलं की मशीनची मागची बाजू उजवीकडे झपकन बाहेर फेकली जाते. त्या मागच्या भागातच ओतीव लोखंडाचं वजन भरलेलं असतं, कारण पुढे उचललेल्या मालाला तोलायला ते लागतं. अडीच टन उचलणारं मशीन स्वतः साडेतीन-चार टनांचं असतं. माणूस रॅक आणि मशीनची मागची बाजू यांच्या मधे असला, तर वेग माणसाच्या चालीइतका असला तरी पुरतो. ब्रेकही सहसा पुढच्या चाकांनाच असतात. काका म्हणाले, "माल बघू नको, माझी पाठ बघ. मी कुठं वळणार ते पाठीकडून कळतं."

मग त्यांनी मशीनवरची पत्र्याची पाटी दाखवली. इतके दिवस मी ती कंपनीची जाहिरात समजत होते. त्यावर लिहिलेलं असतं, हे मशीन किती वजन, किती उंचीवर आणि फाळांच्या मुळापासून किती अंतरावर उचलू शकतं. अडीच टनी मशीन म्हणजे कुठलंही अडीच टन नव्हे. मालाचा मध्य फाळांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल, तर अडीच टन. पेटी लांबोडकी असली आणि तिचा मध्य ८०० मिलिमीटरवर गेला, तर तेच मशीन साधारण दोन टनांच्याही खाली येतं. शाळेच्या मैदानातल्या झुलत्या फळीवर जाड मुलगा टोकाकडे सरकला की दुसरा वर उचलला जायचा, तसंच. फक्त इथे मधला टेकू म्हणजे पुढची चाकं, आणि वर उचलली जातात ती मागची, ज्यांच्यावर मशीन वळवण्याचा सगळा भार आहे.

हे कळल्यानंतर थोड्याच दिवसांत एक लांबच लांब लाकडी पेटी आली, आत कुठल्याशा मशीनचा भाग. काकांनी चलनावरचं वजन वाचलं, पेटी टेपने मोजली, पाटी बघितली आणि नाही म्हणाले. सुपरवायझरने दोन लोडर पोरांना मशीनच्या मागे चढून बसायला सांगितलं, म्हणजे मागचा भार वाढेल. पोरं चढलीही. त्यांनी ते आधी कुठेतरी केलेलं होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. काकांनी किल्ली खिशात घातली. मशीन कलंडलं तर मागे बसलेला माणूस आधी खाली जातो आणि मशीन त्याच्यावर. आत बसलेल्या चालकालासुद्धा उडी मारायची नसते. पट्टा बांधलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, मशीन कलंडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. उडी मारणारे बहुतेक वेळा डोक्यावरच्या लोखंडी जाळीच्या छपराखालीच सापडतात. बाहेरून मोठं मशीन मागवावं लागलं. गाडी संध्याकाळपर्यंत डॉकवर अडकून पडली. काकांना त्यापायी बरंच ऐकून घ्यावं लागलं. माझ्या मते त्या दिवशी त्या मजल्यावर सगळ्यात मोलाचं काम त्यांनी केलं, आणि त्याची नोंद कुठेही झाली नाही.

मार्चमधली वार्षिक स्टॉक मोजणी आली. वरच्या कप्प्यातली खोकी मोजायची होती. मला सांगण्यात आलं, फाळांवर रिकामं पॅलेट ठेवतो, त्यावर उभ्या राहा, वर नेतो, मोजा आणि खाली या. पाच मिनिटांचं काम. ज्याने सांगितलं त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो स्वतः तसाच वर जात आला होता. पण पॅलेट फाळांना कशानेही बांधलेलं नसतं, ते नुसतं ठेवलेलं असतं. मास्ट, म्हणजे फाळ वर नेणारा उभा सांगाडा, जरा पुढे झुकला, धक्का बसला, लाकडाची एक फळी मोडली, की माणूस खाली. वर जायचं तर कठड्याचा पिंजरा लागतो, तो मास्टला साखळीने जखडलेला, आणि आत पट्टा लावलेला माणूस. आमच्याकडे तो पिंजरा नव्हता. काका पुन्हा नाही म्हणाले, आणि त्यांच्या जोरावर मीही. शेवटी रीच ट्रकने एकेक पॅलेट खाली काढून मोजलं. मोजणीला वेळ लागला, पण आकडे पहिल्यांदा बरोबर जुळले.

त्याच महिन्यात, ४ मार्चला, सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ मध्ये याच तारखेला स्थापन झाली, म्हणून देशभर तो पाळतात. आम्ही रांगेत उभं राहून शपथ घेतली. मी ती मनापासून घेतली. शपथ घेताना नजर खाली गेली, तेव्हा समोरच्या रांगेतल्या वहिनींच्या पायात रबरी चपला दिसल्या.

वहिनी पडघ्याकडच्या. सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. ठेकेदाराकडून लेबलिंगला होत्या. जाणाऱ्या मालाच्या खोक्यांवर पत्ते चिकटवायचे, दिवसभर वाकून-उठून. सेफ्टी शूज त्यांनी मागितले होते. स्टोअरमध्ये सहा नंबरच्या खालचा जोड नव्हता. पुरुषांच्या मापाने मागवलेले. दोन जोड मोजे घालून एकदा घालून पाहिले, तर चालताना पाय आतल्या आत घसरायचा आणि त्या अडखळायच्या. मग चपलाच. नियमाच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे बूट दिल्याची टिकमार्क होती.

आता हँड पॅलेटबद्दल सांगायला हवं, कारण झालं ते त्याच्याने. दोन फाळ, एक दांडा, दांड्याच्या मुठीत एक लहानसा खटका. मोटर नाही, हॉर्न नाही, आमच्याकडच्यांना ब्रेकही नाही. दांडा वरखाली पंप केला की हायड्रॉलिकवर पॅलेट जमिनीपासून थोडंसं उचललं जातं, आणि एक माणूस टनभर माल एकट्याने ओढत नेतो. खटक्याच्या तीन जागा: खाली दाबला की पंपाने माल वर चढतो, मधे ठेवला की नुसतं ओढायचं, वर खेचला की माल खाली बसतो. ते अडीच टनांपर्यंत उचलतं, पण यंत्र म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. फोर्कलिफ्टला चालक ठरलेला असतो, किल्ली असते. हँड पॅलेट कोपऱ्यात पडलेलं, ज्याला हवं तो ओढून नेतो. नवीन मुलाला पहिल्या दिवशी हातात काय देतात, तर हेच.

संध्याकाळची वेळ होती. लांबच्या गाड्या ठरल्या वेळेला सुटतात, त्या चुकल्या तर माल दुसऱ्या दिवसावर जातो. म्हणून शेवटच्या तासात सगळे पळत असतात. मोखाड्याकडचा एक मुलगा, नुकताच लागलेला, कपडे धुण्याच्या पावडरचं पॅलेट ओढत आला आणि खांबाजवळ थांबला. वहिनी खांब आणि पॅलेट यांच्या मधल्या फटीत शिरल्या आणि खालच्या थरावर लेबल लावायला वाकल्या. वाकताना तोल राखायला माणूस एक पाय पुढे टाकतो. तो पाय पॅलेटच्या कडेखाली गेला. उचललेल्या पॅलेटखाली चार बोटांची जागा असते, चपलेतलं पाऊल त्यात सहज मावतं. मुलगा दांड्याच्या बाजूला होता, खोक्यांची रास त्याच्या डोक्याच्या वर. त्याला वहिनी दिसतच नव्हत्या. माल उभा केला की खाली बसवायचा, अधांतरी ठेवायचा नाही, असं त्याला शिकवलेलं. आणि ते बरोबरच आहे. त्याने खटका वर खेचला.

वहिनी लगेच ओरडल्या नाहीत. "अगं आई," एवढंच, तेही हळू, जणू काही विसरलं असावं असं. मी शेजारच्या डॉकवर होते. माझ्या आधी चारपाच पोरं धावली आणि पॅलेट हातांनी उचलायला लागली. टनभर माल हाताने कुठला उचलतोय! एकाने हँड पॅलेट मागे ओढायला घेतलं, तेव्हा मात्र वहिनी किंचाळल्या, कारण पाऊल खाली असताना पॅलेट सरकत होतं. मुलगा दांडा धरून थिजला होता. त्याच्या हातातच उपाय होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. काका लांबून ओरडत आले, "ओढू नका! पंप मारा, पंप!" त्यांनी त्याच्या हातातून दांडा घेतला, खटका खाली दाबला आणि पंप मारायला लागले. प्रत्येक झटक्याला पॅलेट बोटभरसुद्धा चढत नव्हतं. मी वहिनींना मागून काखेत धरलं होतं, आणि त्या दांड्याकडे बघण्याखेरीज कुणाच्याच हातात काही नव्हतं. पाऊल निघालं तेव्हा चप्पल तिथेच राहिली, लाकडाला चिकटलेली.

अंगठ्याचं टोक हाडासकट काढावं लागलं. शेजारचं बोट वाचलं.

नंतर मी स्टोअरमध्ये जाऊन सेफ्टी शूजच्या खोक्यावरचा मानकाचा नंबर लिहून घेतला आणि शोधला. आयएस १५२९८. या बुटाच्या टोकात जी टोपी असते, ती २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसायला हवी. १५ किलोन्यूटन म्हणजे साधारण दीड टन वजनाचा दाब. त्या पॅलेटवर टनाच्या आसपास माल होता, आणि सगळा भार काही एका अंगठ्यावर आला नव्हता. चार नंबरचा जोड स्टोअरमध्ये असता तर वहिनींचा अंगठा आज शाबूत असता. हे मी रागाने लिहिते आहे, आणि राग कमी करून लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

दवाखान्यातून ठेकेदाराचा माणूस परत आला तो थेट माझ्याकडे. शिफ्टची अपघात नोंदवही माझ्याकडे होती. वहिनी बाहेर रस्त्यावर पडल्या असं लिहा, म्हणजे तपासणी-बिपासणी लागणार नाही, उपचाराचा खर्च आम्ही देऊच, असं त्याचं म्हणणं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. उलट समजावणीचाच सूर होता. मी ते लिहिलं नाही. वेळ, डॉकचा नंबर, यंत्राचं नाव, मालाचं वजन, पायात काय होतं, हे सगळं लिहिलं. काकांनी आणि एका पिकर मुलीने साक्षीदार म्हणून सही केली. ती मुलगीही ठेकेदाराचीच. तिने केवढा धोका पत्करला हे मला नंतर उमगलं.

त्या नोंदीवर किती अवलंबून असतं ते पुढे एकेक करत कळलं. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, नाव असलेल्या कामगाराला कामावर इजा झाली, तर किती महिन्यांची वर्गणी भरली हे बघितलं जात नाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. कामावर येता येत नाही तेवढ्या काळात सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम मिळते. साध्या आजारपणाची रक्कम याहून कमी, आणि तिला वर्गणीचीही अट. म्हणजे 'कामावर' आणि 'रस्त्यावर' या दोन शब्दांमधला फरक हा वहिनींच्या घरच्या किराण्याचा होता. ईएसआय लागू असताना १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नव्हता, त्यामुळे हीच एक वाट होती.

कायमच्या अपंगत्वासाठी कायद्याला एक परिशिष्ट आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं. हाताचा अंगठा गेला, तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. पहिलं बोट अख्खं, १४. मधलं, १२. करंगळी, ७. पायाचा अंगठा मुळापासून, १४. आणि पायाच्या अंगठ्याचा काही भाग, हाडासह: ३ टक्के. वहिनी दिवसभर उभ्याने, वाकून काम करतात. अंगठा जमिनीला टेकवल्याशिवाय वाकून उठताना तोल राखणं किती अवघड जातं, हे कुणीही आत्ता उठून करून बघावं. मोजायला काहीतरी माप लागतं हे मी समजू शकते. पण हे माप वहिनींच्या कामाचं नाही.

मला वाटलं होतं, यंत्रांची तपासणी करणारं सरकारी खातं येईल आणि विचारेल. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात उचलण्याच्या यंत्रांसाठी, साखळ्या-दोरांसाठी स्वतंत्र कलमं होती. मालाच्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि क्रेन, साखळी, दोर यांची किमान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी. पण तो कायदा कारखान्यांचा. नुसता माल साठवणारं गोदाम सहसा त्याच्या व्याख्येत बसत नव्हतं. शीतगृह बसायचं, आमच्यासारखं वेअरहाऊस नाही. इकडे कारखान्यात असतात तीच यंत्रं, तेवढ्याच वजनाची, आणि दुप्पट वेगाने चालणारी. ज्यांनी आमच्यासारख्या जागांचा विचार करून नियम लिहायचे, त्यांनी डॉकवर एकदा शेवटच्या तासात उभं राहून बघावं, असं मला फार वाटतं.

आमच्या डॉकवर माथाडींचीही एक टोळी येते. त्यातल्या म्हाताऱ्या मामांना मी हे सगळं बोलून दाखवलं. ते यंत्रांच्या विरोधात नाहीत. त्यांच्या वडिलांनी मशीदबंदरला शंभर-शंभर किलोची पोती पाठीवरून वाहिली. पन्नाशीतच मान आणि कंबर गेली. यंत्र आलं हे बरंच झालं, असं ते म्हणतात. पण त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: "तिचं नाव कुठल्या वहीत हाय?" अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, मंडळं झाली, मजुरी मंडळातून मिळायला लागली. मालक बदलला तरी माथाडीचं नाव मंडळाच्या वहीत राहतं. इजा झाली तर विचारायला एक दार असतं. वहिनींचं नाव ठेकेदाराच्या यादीत होतं, आणि ठेका दरवर्षी नव्याने निघतो.

मोखाड्याच्या मुलाला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते मला अजून खुपतं. सगळ्यांनी त्याच्यावर ढकललं, कारण खटका त्याने खेचला होता. त्याने तर शिकवलं तेवढं अचूक केलं होतं. माल खाली सोडण्याआधी मोठ्याने सांगायचं, समोरून "सोड" असं उत्तर आल्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही, आणि काही अडकलं तर दांडा कसा मारायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याच्या बाजूने ऑफिसला लिहून दिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

थोडं बदललं. तीन, चार, पाच नंबरचे सेफ्टी शूज आले. लेबल आता पॅलेट हलवण्याआधीच, वेगळ्या जागी लावतात. हँड पॅलेट आणि खांब यांच्या मधे कुणी शिरायचं नाही, अशी पिवळी पट्टी मारली. चालण्याच्या वाटेला नुसत्या पट्टीऐवजी कठडा लावा, असं मी आणि काकांनी लिहून दिलं आहे, कारण रंगाची पट्टी घाईत कुणी पाळत नाही. तो अजून लागलेला नाही. गाड्या सुटायच्या वेळा होत्या त्याच आहेत, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. शेवटच्या तासात माणूस जिथे जायला नको तिथे जातो तो हौसेने जात नाही.

नवीन मुलं-मुली आल्या की इंडक्शनच्या कागदावर सही होण्याआधी मी त्यांना डॉकच्या कोपऱ्यात नेते. रिकाम्या पॅलेटवर वाळूच्या गोण्या ठेवलेल्या असतात, कडेखाली एक जुना बूट. प्रत्येकाने माल खाली सोडायचा, मग खटका दाबून, पंप मारून बूट सोडवायचा. लेबल लावणाऱ्या बायकांनीही, मोजणी करणाऱ्यांनीही, ऑफिसमधल्यांनीही. काका शेजारी उभे राहून प्रत्येकीचा हात खटक्यावर ठेवतात. बऱ्याच जणींनी तो दांडा आधी कधी हातातच घेतलेला नसतो.

वहिनींना रजेच्या काळातली रक्कम मिळाली, उशिराने, पण मिळाली. कायमच्या अपंगत्वाचं मेडिकल बोर्ड अजून व्हायचं आहे. मधल्या काळात ठेका बदलला, आणि नव्या ठेकेदाराच्या यादीत त्यांचं नाव नाही. नोंदवहीतल्या त्या पानाची आणि दोघा साक्षीदारांच्या सह्यांची प्रत त्यांच्या अर्जाला मी जोडली आहे. बोर्डाची तारीख कधी लागते हे विचारायला मी दर सोमवारी फोन करते, आणि बसायचं काम देऊन वहिनींना परत घ्या, असं नव्या ठेकेदाराला लेखी कळवलं आहे. त्याचं उत्तर यायचं आहे.